काखेकडची चित्रं

जेवणं आटोपली तशी पुतणी म्हणाली, "काका, भुताची सांगा. पण खरी."

"खरीच आहे. माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाची." काका जन्मभर दवाखान्यात एक्स-रे काढून निवृत्त झालेले. "फक्त मध्येच किंचाळायचं नाही."

तो एमआरआय चालवायचा. गेल्या मार्चमधला शेवटचा मंगळवार, रात्रीचे सव्वानऊ. सलग दुसरी पाळी, डोळे चुरचुरत होते. शेवटच्या पेशंट एक शिक्षिका. स्तनात कॅन्सरची गाठ आहे का, ते बघायचं होतं. त्यासाठी पालथं झोपावं लागतं.

"ताई, अर्धा तास अजिबात हलायचं नाही."

"अहो, घरी कोण एवढं पडू देतंय!" बाई म्हणाल्या.

यंत्र धडधडलं. सगळं नीट आलं, काखेकडची चित्रं तेवढी हलल्यामुळे पुसट. पुन्हा काढायची म्हणजे आणखी आठ मिनिटं. वर्षापूर्वी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची अशीच पुसट चित्रं त्यानं चालवून घेतली होती. गाठ काखेतच होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या गेल्या. हे त्यानं फक्त काकांना सांगितलं होतं.

तरी हात यंत्र बंद करायच्या बटणाकडे गेलाच. अंगात त्राण नव्हतं.

तेवढ्यात घंटी वाजली. पेशंटच्या हातात रबरी फुगा देतात. घाबरलं की दाबायचा, म्हणजे बाहेर घंटी वाजते.

"काय झालं, ताई?"

"मी... काहीच केलं नाही."

त्यानं काचेतून पाहिलं. फुगा खुंटीवरच होता. द्यायचा राहिला होता.

पुन्हा घंटी. खुंटीवरचा फुगा आत दबलेला. सुटत नव्हता...

"काका, बास!" पुतणीनं उशी कवटाळली.

"थांबू?"

"नको... सांगा."

त्यानं बटणावरचा हात मागे घेतला. "ताई... अजून आठ मिनिटं."

घंटी थांबली.

चित्रं आली. काखेजवळ मुगाएवढा ठिपका. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्यावरच बोट ठेवलं. वेळेत सापडलं. बाई आजही वर्गावर जातात.



"संपली?"

"बाई गेल्यावर त्यानं यंत्रातली दिवसभराच्या तपासण्यांची यादी पाहिली. खाली आणखी एक तपासणी. वेळ दहा वाजून चार मिनिटं. नावाची जागा कोरी. टेबल रिकामं होतं गं... रिकाम्या टेबलाची चित्रं काळी येतात."

"मग?"

"चित्रांत बाईमाणूस होतं. पालथं झोपलेलं. काखेत गाठ." काका उठले. "आणि एकही चित्र हललेलं नव्हतं."