माउंटखाली बसलेला माणूस

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या घरात, माझ्या भिंतीवर घडलीय. ज्याला खाली कमेंटमध्ये 'फेकतोय' असं लिहायचंय त्याने खुशाल लिहावं. पण त्याआधी घरी येऊन तो फोटो बघावा.

रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. भुतं दिवसा येत नाहीत हे ज्याने ठरवलं, तो मला एकदा भेटायलाच हवा.

माझं फ्रेम बनवायचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. शाळा अर्धवट सोडली, हातातलं काम मात्र अर्धवट सोडत नाही.

माझ्या साडूला जुन्या मासिकांची मुखपृष्ठं जमवायचा नाद. साहेब माणूस. त्याच्या हॉलची अख्खी भिंत मुखपृष्ठांनी भरलेली. हातानं रंगवलेल्या बायका, बागा, मोटारी. येणारा-जाणारा तोंड उघडं टाकून बघत राहतो.

आणि त्या सगळ्या फ्रेमा कोणी केल्या?

मी. फुकट.

"भाऊजींची नजरच वेगळी," माझी बायको तिथून परतताना दर वेळी म्हणायची.

नजर त्याची. अंगठा कापून घ्यायचा मी.

मग मीही जमवायला लागलो. त्याला नको असलेली मुखपृष्ठं माझ्या वाट्याला यायची. एक सायकलवाली मुलगी. एक टेलिफोनवर बोलणारी बाई. आमच्या लग्नाचा ग्रुप फोटो भिंतीवर होताच, त्याच्या शेजारी ती दोन लावली. उष्ट्या ताटासारखी भिंत दिसायची.

आणि एक दिवस रद्दीच्या दुकानात ती सापडली...

बाकावर बसलेली बाई. हिरवी साडी. मान किंचित वळवून शेजारी बघतेय. शेजारच्या खुर्चीत राखाडी कोटातला एक मिशीवाला, हातात वर्तमानपत्र. ती त्याच्याकडे बघतेय आणि हा पठ्ठ्या बातम्या वाचतोय. असा रंग, असे डोळे साडूच्या अख्ख्या भिंतीवर नव्हते.

फक्त मिशीवाल्याकडची कड ओलीनं डागळली होती.

चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट बसते, तिला आम्ही माउंट म्हणतो. आमच्या धंद्यात एक नियम आहे. माउंटनं कोरा कागद झाकायचा, चित्र नाही. मी माउंट रुंद कापला. डाग झाकला गेला.

मिशीवालाही झाकला गेला.

खरं सांगू? बरंच वाटलं. एवढ्या देखण्या बाईशेजारी तो हवा कशाला?

"किती वेळ बघाल तिच्याकडे?" बायको म्हणाली. "मीही आहे म्हटलं घरात."

"तू रोजचीच आहेस."

"मग तिलाच सांगा चहा करायला."

हसलो दोघं. चित्र भिंतीवर लावलं. आता ती बाई रिकाम्या कडेकडे बघत होती. त्या कडेच्या पलीकडे सायकलवाली. मग टेलिफोनवाली. आणि शेवटी आमचा लग्नाचा फोटो.

दुसऱ्या दुपारी दुकानात काच कापत होतो. बायको बाहेर गेलेली. घरात कुणीच नाही.

पडद्यामागून आवाज आला...

वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा.

आमच्याकडे वर्तमानपत्र येत नाही.

आत गेलो. कुणी नाही. पंखा बंद. खिडकी बंद.

त्यानंतर आवाज रोज यायला लागला. आणि एका दुपारी माझं लक्ष सायकलीकडे गेलं...

सायकल होती. मुलगी नव्हती.

रंग उडाला म्हणाल. अहो, उन्हानं उडालेले रंग बघण्यात जन्म गेलाय माझा. उडालेल्या रंगाखाली कागद दिसतो. इथे ती जिथे होती, तिथे मागची विटांची भिंत दिसत होती. वीट अन् वीट रंगवलेली. जणू तिथे मुलगी कधी नव्हतीच.

फ्रेम उलटी केली. मागची कागदी पट्टी मीच चिकटवलेली, जशीच्या तशी. फ्रेम कुणी उघडलेली नव्हती.

मग टेलिफोनवाली गेली. रिसीव्हर वायरला लोंबकळत राहिला.

आणि हिरव्या साडीवालीचे डोळे... आधी त्यांत माया होती. आता ती माया नव्हती. नवरा कुणाच्या घरात शिरलाय ते शोधत दारोदार फिरणाऱ्या बाईचे डोळे होते ते.

त्या ओळीत आता एकच बाई उरली होती. फोटोतली माझी बायको.

बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती जेवताना सहज म्हणाली, "अहो, आपल्या फोटोत मागे उभा आहे तो कोण? तुमच्याकडचा ना?"

"तुमच्याकडचा असेल. आमच्याकडे एवढे ऐटबाज कुणी नाहीत."

"आमच्याकडचा नाही हं. चेहरा मात्र ओळखीचा वाटतो..."

मी घास घेतला. लग्नाच्या फोटोत असा एखादा असतोच.

त्याच आठवड्यात साडू टपकला. हिरव्या साडीवालीसमोर उभा राहिला आणि त्याचं तोंड उतरलं. या क्षणासाठी मी किती तडफडलो होतो! पण आता मजा येईना.

"काय कारागीर, लपवून ठेवलंस होय? मला दे हे."

"साडूभाऊ, नका नेऊ. ही बाई बाकीच्या बायका टिकू देत नाही." सगळं सांगितलं. रिकामी सायकल दाखवली.

तो पोट धरून हसला. "देववत नाही तर तसं सांग ना. पोटात दुखतंय म्हण. भुतं कशाला आणतोस मधे?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांब, पूर्ण चित्रच दाखवतो. फ्रेम उतरवली, पट्टी फाडली, माउंट उचलला.

ओलीचा डाग होता. खुर्ची होती.

खुर्चीत कुणी नव्हतं...

"छान आहे की रिकामी खुर्ची," साडू म्हणाला. "उगाच झाकलीस."

तो चित्र बगलेत मारून गेला आणि मी जाऊ दिलं. निदान माझ्या बायकोवरची ती नजर तरी हटली.

थोड्या दिवसांनी मोठ्या मेहुणीचा फोन आला. "अहो, आमच्या भिंतीवरच्या बायका... नुसत्या बागा उरल्यात."

मला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू?

फोन ठेवला. घर शांत होतं.

...पान उलटलं.

चित्र गेलं होतं. आवाज गेला नव्हता. तो आता लग्नाच्या फोटोकडून येत होता.

भिंग घेऊन फोटोसमोर उभा राहिलो. बायकोच्या मागे, अगदी खांद्याजवळ, राखाडी कोट. मिशी. बगलेत घडी केलेलं वर्तमानपत्र. आम्ही सगळे फोटोतल्या माणसांसारखे गुळगुळीत. तो एकटाच ठिपक्यांचा. छापील मासिकाच्या बारीक, रंगीत ठिपक्यांचा.

फोटो उतरवला, कपाटामागे टाकला. संध्याकाळी तो पुन्हा खिळ्यावर होता.

"आपल्या लग्नाचा फोटो आहे," बायको म्हणाली. "काढायचा कशाला?"

या गोष्टीला बरेच दिवस झाले. साडूच्या घरी ती हिरव्या साडीवाली अजून शोधतेय. तिला इथे परत आणावी, असं रोज मनात येतं. पण ती त्याला आधी बघेल की माझ्या बायकोला, हे मला कोण सांगणार?

आणि फोटोतला तो पूर्वी मागच्या रांगेत होता. आता आमच्या दोघांच्या मधे आहे.

काल बायको फोटो पुसत होती. हल्ली रोज पुसते.

"एवढं काय पुसतेस गं?"

"धूळ बसते हो."

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. फडकं काचेवर हळूहळू, एकाच जागी फिरत होतं.

ती जागा माझी नव्हती.