परतयान सगळ्यात वर

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या 'धृती' स्थानकात माणसं चार होती आणि परतयानात खुर्च्या तीन. चौथी खुर्ची वायरिंगच्या आगीत जळाली होती आणि नवी घेऊन येणारं मालयान लांबत चाललं होतं. यावर कुणी बोलत नव्हतं. माणसं एखाद्या विषयावर इतकी गप्प बसली, की समजावं, डोक्यात दुसरं काही नाही.

अशात संगणकतज्ज्ञ मैथिली गोकर्ण हिने सामायिक गुप्तशब्द-तिजोरी, म्हणजे सगळ्या यंत्रांचे पासवर्ड ठेवणारा प्रोग्राम, स्थानकातल्या लिनक्स संगणकांच्या शोधपट्टीला जोडली.

"म्हणजे तिजोरीची किल्ली दारावर टांगायची?" स्थानकप्रमुख साबणे म्हणाले.

"किल्ली नाही सर, नुसती पाटी. शोधपट्टीत अक्षर टाकलं की ती सगळ्या प्रोग्रामना विचारते. तिजोरी फक्त नोंदींची नावं सांगते. नाव निवडून आपली ओळख पटवली, तरच आतला गुप्तशब्द मिळतो."

"आणि कुठलं नाव वर?"

"जे जास्त वापरलं जातं ते. चौघांचा वापर एकत्र धरून."

साबण्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पंप सुरू करायला त्यांनी 'प' दाबला. पंप दुसरा आला. पहिलं नाव होतं परतयान.

पंप रोज लागतो, परतयान कधीच नाही. मग उड्डाणाचा गुप्तशब्द काढतंय कोण? तो कुणी बदलला तर नाही ना, हे पाहायला त्यांनी नोंद उघडली आणि गुपचूप बंद केली.

अभियंता रुखसाना मुजावरनेही 'प' दाबला, आणि त्या रात्रीपासून ती अंतराळपोशाख उशाशी घेऊन झोपू लागली. जेवताना सगळे ताटापेक्षा एकमेकांकडेच जास्त बघू लागले.

शेवटी रुखसानाच्याने राहवलं नाही. "कोण पळायच्या तयारीत आहे, एकदाचं कळू दे! मैथिली, वापराची नोंदवही दाखव."

मैथिलीने ती भिंतीवरच्या पडद्यावर उघडली आणि कपाळावर हात मारला. सुरुवातीच्या शेकडो ओळी तिच्याच चाचणीच्या होत्या. कुणाचं काम अडू नये म्हणून तिने चाचणीला अशी नोंद निवडली होती, जी कुणीच वापरत नव्हतं. त्याखाली साबणे, मग रुखसाना, मग खुद्द मैथिली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या संशयाने उघडलेली, आणि उघडून ती आणखी पक्की वर बसवलेली.

"चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!" रुखसाना म्हणाली, आणि तिघंही पोट धरून हसली. किती दिवसांनी हसली होती!

हसता हसता साबणे थांबले. यादीत चौथं नाव नव्हतं. वनस्पतितज्ज्ञ हेरंब टिळवे प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून शांतपणे जेवत होता.

"हेरंब, तू 'प' कधी दाबलाच नाहीस?"

"रोज दाबतो. पालकाची फाइल लागते ना."

"मग परतयान वर दिसलं नाही?"

"दिसलं की. म्हटलं, ठरलेलं दिसतंय तिघांचं."

"अरे, मग उघडून तरी बघायचंस! निदान विचारायचंस!"

"काय विचारणार? खुर्च्या तीन, आणि माझा पाय हा असा." हेरंबने ताटातला शेवटचा घास घेतला. "मी आपला परवापासून वाफे एका माणसापुरतेच पेरतोय."