कोरा बिल्ला

पहिल्याच भेटीत त्यानं तिची बोलणी खाल्ली होती. पँटच्या खिशात राहिलेला बिल्ला पठ्ठ्यानं चक्क धुऊन आणला होता! अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला तो. त्याच्याशिवाय सरकारी कोठारात जायचं नाही, असा कडक नियम.

"आता कसं कळायचं, अंगावर किती पडलं ते?" तिनं खिडकीतून विचारलं.

"सगळं धुऊन निघालं असेल..." तो म्हणाला. हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली.

तो क्रेनवाला. वापरून झालेलं अणुइंधन खोल पाण्यात वर्षानुवर्षं निवत पडलेलं असे. ते उचलून जाड पोलादी पिंपांत भरायचं, हे त्याचं काम. ती बिल्ले सांभाळणारी. सकाळी द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. एवढ्याशा खिडकीत बोटांना बोटं लागायची आणि दोघंही उगाच छताकडे बघायची.

मग एका महिन्यात त्याचा आकडा कोरा आला. सोबतच्यांचे वाढलेले, याचाच कसा शून्य?

"आत जाताना बिल्ला कुठे ठेवता?" संध्याकाळी तिनं सरळच विचारलं.

"कपाटात." त्यानं मान खाली घातली. "वर्षाची मर्यादा भरत आली होती. भरली की लांबच्या कचेरीत बदली... मग ही खिडकी कुठली?"

"वेड लागलंय का तुम्हाला? माझ्यासाठी जिवाशी खेळता?"

"म्हणजे — माझ्या मनातलं तुम्हाला कळलं होतं?"

"मी काय आंधळी आहे?"

"मग नका ना कळवू वर."

तिला फार मोह झाला. गप्प बसली असती, तर उद्या सकाळी तो पुन्हा समोर उभा राहिला असता. तिनं कागद ओढला आणि त्याच्यादेखत सगळं लिहिलं. डोळे पुसत, पण एकही शब्द न गाळता.

डॉक्टरांच्या तपासणीत निभावलं. बदली मात्र टळली नाही.

शेवटच्या संध्याकाळी तो खिडकीशी आला. द्यायला बिल्ला नव्हता.

"रागावलात?" तिनं विचारलं.

"रागावलो होतो. खूप."

"रागव," ती म्हणाली. "पण मला तुला म्हातारं झालेलं बघायचंय. रोज... माझ्या शेजारी बसलेलं."

तिनं रिकामा हात खिडकीबाहेर काढला. त्यानं तो धरला, आणि मागची रांग खोळंबली तरी सोडला नाही.