मिशांच्या मापाचं भांडं

जरा डोळे मिटा बघू. मिटलेत? चोरून बघायचं नाही हं. आता समजा, तुमच्या ओठांच्या दोन्ही बाजूंना लांब लांब मिशा आहेत. आजोबांसारख्या झुबकेदार नव्हेत. पातळ, ताठ, झुळूक आली तरी कळावं इतक्या हळव्या. समोर जेवण ठेवलंय. छान वास येतोय. तुम्ही तोंड पुढे करता... आणि भांडं इतकं अरुंद, की दोन्हीकडच्या मिशा काठावर दाबल्या जातात. एक घास घेतला, खुपलं. दुसरा घेतला, पुन्हा खुपलं. तिसऱ्या घासाला काय कराल? मी तर सरळ उठून जाईन.

उघडा डोळे. सगळ्याच मांजरांना असं खुपत नाही, पण काजळीला खुपायचं. आणि ते एकदा कळलं, की ही प्रेमाची गोष्टही कळेल.

काजळी अकरा वर्षांची काळीभोर मांजर, आणि तिची मालकीण आठ वर्षांची. म्हणजे मालकिणीपेक्षा मांजरच मोठं! मालकिणीची आई जहाजावर नोकरीला होती. सहा महिने समुद्रावर जाताना तिने लेक आणि मांजर, दोघींना आपल्या धाकट्या बहिणीकडे सोडलं होतं. म्हणून या गोष्टीत आपण मुलीला भाची म्हणू आणि बहिणीला मावशी. मावशी म्हटलं म्हणून लगेच पांढरे केस डोळ्यांसमोर आणू नका. एकोणतीस वर्षांची होती ती. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची.

नव्या घरात आल्यापासून काजळी निम्मं जेवण टाकू लागली. मधलं मधलं खायची, कडेचं तसंच. कधी पंजाने घास बाहेर ओढून फरशीवर खायची. पाण्याला तर तोंडच लावेना. शेवटी तिला टोपलीत घालून दोघी डॉक्टरांकडे गेल्या.

"पोटात दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "पण वय झालंय आणि पाणी फार कमी जातंय. आज भरली अडीच किलो. महिन्याभरात निदान पावणेतीन व्हायला हवी. नाही झाली तर मला तिला इथे ठेवून घ्यावं लागेल."

भाचीने खोलीच्या कडेची पिंजऱ्यांची रांग पाहिली. घरी येईपर्यंत तिने टोपली छातीशी धरून ठेवली. दाराशी आल्यावर म्हणाली, "मावशी, आई पण नाही आणि काजळी पण नाही, असं चालणार नाही मला."

"असं होऊच द्यायचं नाही," मावशी म्हणाली. म्हणाली खरी, पण करायचं काय, हे तिला कुठे माहीत होतं?

भांड्याचं काहीतरी बिनसलंय, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं होतं. मावशीच्या घरचंच जुनं, अरुंद प्लास्टिकचं भांडं होतं, त्याला ओरखडे पडले होते आणि कितीही घासलं तरी वास जात नव्हता. स्टीलची वाटी आणली, तर ती इतकी हलकी, की काजळी चाटत चाटत तिला ढकलत भिंतीपर्यंत पोहोचायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी मागच्या गल्लीतल्या कुंभाराच्या दुकानात शिरली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. आत ओल्या मातीचा गार वास. फळ्यांवर कपबशा, वाडगे, सुरया. माणूस मात्र कुणी दिसेना. मावशीने एक वाडगा उचलला, इकडेतिकडे पाहिलं... आणि हळूच त्यात तोंड घातलं.

"तोंड बघायचं असेल तर आरसा त्या भिंतीवर आहे."

मावशी दचकली. मागच्या दारात एक तरुण उभा होता, कोपरापर्यंत मातीने माखलेला.

"मी... मिशा मोजत होते."

"तुमच्या?"

"मांजरीच्या!"

"ती कुठाय?"

"घरी. तिच्याऐवजी मीच घालून पाहिलं."

"मग? खुपल्या का?" त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं, की मावशीला हसू आवरेना.

"नाकाला माती लागलीय तुमच्या," तो म्हणाला.

तिने हात फिरवला. "गेली?"

"पसरली."

मग तिने काजळीची सगळी कहाणी सांगितली, आणि त्याचं हसू मावळलं. शेवटी तो म्हणाला, "तयार असं काही नाही माझ्याकडे. पण करून देतो. रुंद, उथळ, जड. सरकणार नाही. आतून गुळगुळीत झिलई, म्हणजे वास धरणार नाही आणि रोज धुता येईल. म्हातारी आहे, तर खाली चार बोटं उंच बैठक देऊ, मान वाकवायला नको. मिशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्याने माप घेऊन या. आणि हो, पाणी कुठे ठेवता?"

"जेवणाशेजारीच."

"दूर ठेवून बघा. दुसऱ्या खोलीत. माझ्या आत्याची मांजर जेवणाशेजारचं पाणी कधीच प्यायली नाही."

निघताना त्याने काठाचा टवका उडालेली एक मोठी बशी तिच्या हातात ठेवली. "तोवर ही. विकायची नाहीये, त्यामुळे परतही करायची नाही."

माप घेण्याचं काम भाचीचं. झोपलेल्या काजळीच्या नाकासमोर तिने लाल दोरा धरला, दोन गाठी मारल्या. काजळीने एक डोळा उघडून 'काय चाललंय काय' असं पाहिलं आणि पुन्हा मिटला. रविवारी दोघी दोरा घेऊन कुंभाराकडे हजर.

चाक फिरू लागलं तसा भाचीचा आ वासलेला तो वासलेलाच. मातीचा गोळा बघता बघता उमलत होता. मावशी समोर स्टुलावर बसली होती. पावसात भिजलेल्या बटा ती बोटांनी मागे सारत होती, आणि त्या पुन्हा पुढे येत होत्या. कुंभाराची नजर मातीवर होती — म्हणजे, बहुतेक वेळ.

"असं टक लावून बघितलंत तर हात थरथरेल माझा," तो म्हणाला.

"मी मातीकडे बघतेय."

"माती खाली आहे. तुम्ही वर बघताय."

"काका, दोरा धरू?" भाचीने विचारलं.

त्याने चाक थांबवलं. भाचीने ओल्या काठावर दोरा धरला. या गाठीपासून त्या गाठीपर्यंत, बरोब्बर!

"वा," तो म्हणाला, पण भांड्याकडे बघून नव्हे.

आता वाळायला दिवस, भाजायला दिवस, झिलई लावायला दिवस, पुन्हा भाजायला दिवस. पाण्याचं आणि जेवणाचं, अशी दोन भांडी. चष्म्याच्या दुकानातून घरी जाताना मावशी रोज कुंभाराच्या गल्लीत वळायची. तिच्या घराचा रस्ता खरं तर उलट दिशेला होता.

"वाळलं का?"

"काल ओलं होतं. आज थोडं कमी ओलं आहे."

"उद्या?"

"उद्या येऊनच बघा की."

मग एक कप चहा व्हायचा. कधी ती दिवसभरात आलेल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगायची, कधी तो फुटलेल्या भांड्यांच्या. एकदा जोराची सर आली आणि दोघं एकाच छत्रीत कोपऱ्यापर्यंत गेली.

घरी पाणी दुसऱ्या खोलीत ठेवल्यावर काजळी थोडं थोडं पिऊ लागली होती. बशीतलं थोडं जास्त खातही होती. पण बशी हलकी, पंजा लागला की सरकायची. भाची रोज कॅलेंडरवर फुली मारत होती. तेरा फुल्या झाल्या आणि भट्टी उघडली.

निळसर, चकचकीत, हातात घेतल्यावर छान जड लागणारी दोन भांडी. भाचीने मोठ्या ऐटीत दोरा काढला, काठावर धरला... आणि तिचा चेहरा उतरला. दोन्ही बाजूंनी दोरा बोटभर बाहेर लोंबत होता.

"काका, हे लहान झालंय."

कोपऱ्यात कपांवर नक्षी काढत बसलेली कुंभाराची आत्या उठून आली. तिने दोरा पाहिला, भांडं पाहिलं, मग भाच्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अरे, ओल्या मातीवरच माप धरलंस? वाळताना, भाजताना माती आकसते, हे कालच्या पोराला कळतं! बारा वर्षं चाक फिरवतोयस ना तू? लक्ष कुठे होतं?"

कुंभाराचे कान भट्टीपेक्षा लाल झाले. "नजर... नजर कमी झाली असेल माझी."

घरी नेऊन पाहिलं. काजळीने दोन घास खाल्ले, मिशा झटकल्या आणि तिसरा घास पंजाने ओढून फरशीवर घेतला. भाची तिच्याशेजारी बसून राहिली, तिचे डोळे भरून आले होते. मावशीला पहिल्यांदाच कुंभाराचा राग आला. तेरा दिवस! महिन्यातले निम्मे दिवस संपले, आणि या माणसाला...

दुसऱ्या दिवशी ती त्याला कोरडेपणाने म्हणाली, "दुकानात या. डोळे तपासते."

तो आला. अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर शाळेतल्या मुलासारखा बसला. भाची दाराबाहेरच्या स्टुलावर गृहपाठ करत होती, दार अर्धवट उघडं होतं.

"वाचा. वरून पहिली ओळ."

त्याने वाचली. दुसरी, तिसरी, पाचवी, तळाची बारीक मुंगीएवढी... सगळ्या धडाधड वाचल्या. मावशीने भिंगं बदलली, डावा डोळा झाकला, उजवा झाकला. मग दिवा लावला.

"दोन्ही डोळे उत्तम आहेत. इतके चांगले डोळे महिन्यातून एकदा बघायला मिळतात. आता खरं सांगा. हयगय केलीत?"

"नाही हो!" तो खुर्चीतून अर्धा उठला. "हयगय नाही. आकसणं मी झोपेतसुद्धा विसरत नाही. पण त्या दिवशी... तुम्ही समोर बसला होतात. त्या बटा सारख्या पुढे येत होत्या. मला वाटत होतं, आता येतील, आता येतील... आणि दोऱ्याचं माप बरोबर आलं तेव्हा मला दुसरं काही आठवलंच नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. तुमच्या मांजरीचे दिवस माझ्यामुळे गेले. त्याचं फार वाईट वाटतंय. पण... कारण हेच आहे."

मावशीच्या हातातलं भिंग खाली पडता पडता राहिलं. राग कुठे गेला कोण जाणे. पण बाहेर स्टुलावर बसलेली ती छोटीशी पाठमोरी वेणी तिला दिसत होती.

"आधी काजळी," ती हळूच म्हणाली. "तिचं वजन होऊ दे. मग... बाकीचं बोलू."

"आणि वजन नाही झालं तर?"

"तर मला बोलायला तोंड राहणार नाही. तुम्हालाही नाही."

तो तसाच तडक चाकावर गेला. या वेळी समोरच्या स्टुलावर त्याने आत्याला बसवलं. "माझ्याकडे बघून कुणाची नजर हलत नाही," आत्या म्हणाली, "काढ आता माप." दोऱ्यापेक्षा दोन बोटं मोठं, शिवाय कणभर जास्त. मावशी त्या दिवसांत एकदाही गल्लीत वळली नाही. आकसणाऱ्या मातीच्या बाबतीत तिने उगाच धोका पत्करला नाही, असं म्हणू.

अकराव्या दिवशी कुंभार स्वतः भांडी घेऊन घरी आला. भाचीने दोरा धरला, दोन्ही गाठी काठाच्या आत. मासळी वाढली. काजळी आली, वास घेतला, वाकली... आणि तिघंही श्वास रोखून बसली. एक घास. दुसरा. तिसरा. मिशा काठाच्या आत निवांत पसरलेल्या, भांडं जागचं हललं नाही. तळ दिसेपर्यंत काजळी थांबली नाही. मग ती डुलत डुलत दुसऱ्या खोलीत गेली, आणि काठोकाठ भरलेल्या पसरट भांड्यातून लपलप पाणी पिण्याचा आवाज आला. असं गोड संगीत मावशीने कधी ऐकलं नव्हतं.

पण वजन? वजन काय एका जेवणाने वाढतं? उरलेल्या पाच-सहा दिवसांत भाचीने भांडी रोज धुतली, पुसली, भरली. महिना संपला त्या संध्याकाळी तिघं डॉक्टरांकडे गेली. काजळीला काट्यावर ठेवलं. ती नेमकी अंग चाटायला लागली आणि आकडा नाचत राहिला.

"बस गं, म्हातारे," डॉक्टर म्हणाले. काजळी बसली. आकडा थांबला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"दोन किलो आठशे. काय खाऊ घातलंत हिला?"

"तेच!" भाची ओरडली. "पण नीट भांड्यात!"

"मग पिंजऱ्याची गरज नाही. पाणी असंच पिऊ दे, दर महिन्याला दाखवायला आणा." डॉक्टर कागद भरू लागले.

कुंभाराने मावशीकडे पाहिलं. मावशीने खिडकीकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि मग पाहायला दुसरं काही उरलंच नाही तेव्हा त्याच्याकडे पाहिलं.

"झालं वजन," तो अगदी हळू म्हणाला.

"हो..."

"बाकीचं...?"

"इथे?" तिचे गाल तापले. "अहो, डॉक्टर आहेत..."

"मी पुन्हा येईन मग. उद्या. परवा. तुम्ही म्हणाल तेव्हा."

"उद्या कशाला?" मावशीच्या तोंडून निघून गेलं. "मी काय रोज उलट्या रस्त्याने चहाला येत होते, ते माती वाळलेली बघायला?"

भाचीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिने काजळीला उचलून टोपलीत ठेवलं, टोपली एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांची बाही धरली.

"चला, आपण बाहेर बसू."

"अगं, ही माझी खोली आहे!"

"माहितीये. पण यांचं बोलायचं राहिलंय."

तिने डॉक्टरांना लेखणीसकट बाहेर काढलं, बाकावर बसवलं, टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली. दार ओढून घेतलं. आणि मग, कुत्रा घेऊन आलेल्या काकूंना "थोडा वेळ लागेल हं" असं सांगत, ती दाराला पाठ लावून ऐसपैस मांडी घालून बसली.