जोत्यावरचा तंबू

तंबू चांगला आणलाय तुम्ही, नाही म्हणत नाही. शनिवारी धरणाकाठी नेणार म्हणता, तर न्या. पण दिग्विजय, ती ट्यूब बंद कर आधी, डोळ्यांवर येते. आणि सगळे जरा अलीकडं सरका.

वरकुट्याच्या अविराजचं सांगतो. माझ्या धाकट्या लेकाबरोबर लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला आहे तो. आजही आहे, कुणालाही विचारा.

या अविराजची बायको प्रगती दोन दिवाळ्यांमागं गेली. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेली, आणि परत आणली ती तशीच. अविराज रडला नाही. दहाव्याला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे गडी. धीर कसला? आतनं बधिर झाला होता माणूस. ताट पुढं आलं की जेवायचा. कालवणात मीठ नसलं तरी त्याला कळायचं नाही. त्याची आई सरुबाई एकदा मुद्दाम अळणी वाढून बघत बसली, तर हा सगळं संपवून ताट धुवायला उठला. रात्रपाळी त्यानं मागून घेतली होती. सकाळी घरी यायचा आणि पत्र्याखाली भिंतीकडं तोंड करून पडायचा. झोप नाही. पत्र्याला भोकं, खिडकीला पडदा नाही, सगळीकडनं ऊन आत. डोळे मिटले तरी पापण्यांमागं लाल दिसायचं.

पोरगी होती एक, संस्कृती. दुसरीला. आई गेल्यापासून ती बापाकडं काही मागायचीच थांबली होती. मग पावसाळ्याच्या तोंडाला एकदा तिनं त्याचा शर्ट धरला आणि म्हणाली, "पप्पा, आपण एकदा तंबूत राहू या का?" शाळेतली कुणी मैत्रीण राहून आली होती. अविराजनं बरं म्हटलं. हौस म्हणून नव्हे. नाही म्हणायला काहीतरी वाटावं लागतं, तेवढंही त्याला वाटत नव्हतं.

बारामतीला गेला. दुकानदारानं चार प्रकार दाखवले. एक पातळ कापडाचा, स्वस्तातला, त्यात सूर्य उगवला की भट्टी. एक बांबूंसारख्या कांड्या जोडत बसायचा, त्यात संध्याकाळ जाते. मग त्यानं एक काढला, छत्रीसारखा. वरची दोरी ओढली की सांगाडा खटकन ताठ, दोन मिनिटांत घर उभं. कापड दुहेरी, आतनं काळा लेप दिलेला. दुकानदार म्हणाला, याच्यात उजेड शिरत नाही, भर दुपारीसुद्धा आत रात्र. बसून बघा.

अविराज आत बसला. दुकानदारानं बाहेरून चेन ओढली. बाहेर रस्त्यावर बारामतीची भरदुपार, गाड्यांचे हॉर्न, आणि आत स्वतःचा हात दिसेना. बराच वेळ झाला तरी गिऱ्हाईक बाहेर येईना, तेव्हा दुकानदारानं कापडावर टिचकी मारली. अविराज बाहेर आला आणि म्हणाला, हाच द्या.

दुकानदारानं सांगितलं होतं, आधी घरी एकदा लावून बघा, मगच बाहेर न्या. अविराजनं अंगणात लावला. दुसऱ्या दिवशी पाळीवरनं आला तो थेट तंबूत शिरला, आणि झोपला. दिवेलागणीपर्यंत झोपला. सरुबाई दोनदा चेन उघडून श्वास बघून गेली. पुढं रोजचंच झालं. घरात खोली असताना माणूस अंगणात तंबूत झोपतो, गावानं नावं ठेवली. त्याला त्याचंही काही नव्हतं.

पोरीसाठी आणलेला तंबू बापानंच बळकावला की. शेवटी तिनंच आठवण केली, आपण कधी जायचं म्हणून.

मग जुलैतला दुसरा शनिवार. आपल्याकडं पावसाचा थेंब नाही, आभाळ कोरडं. बापलेक गाडीवर बसून उजनीच्या काठाला गेले. उन्हाळ्यात पाणी हटलं की तिथं धरणात गेलेल्या जुन्या गावाची जोती उघडी पडतात, ती अजून उघडीच होती. माणसं केव्हाच उठून वर वसली, घरांचा लाकूडफाटा नेला, जोत्याचे दगड कोण नेणार? ते तिथंच. खाली गाळ ओला होता, म्हणून अविराजनं गाडी वर माळावर लावली आणि तंबू घेऊन अशा एका जोत्यावर आला. घडीव दगड, सपाट, कोरडी जागा. खुंट्या दगडात जाईनात, तर त्यानं दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. दार नेमकं जुन्या उंबऱ्यावर आलं.

पोरगी खूश होती. सरुबाईनं दिलेल्या दशम्या खाल्ल्या, पाण्यावरचे पक्षी मोजले, बापाला शंभर गोष्टी सांगितल्या. बाप नुसता हं हं करत राहिला. अंधार पडला तसे दोघं आत शिरले, त्यानं आतनं चेन लावली. पोरगी म्हणाली, काहीच दिसत नाही. तो म्हणाला, झोपायलाच आलोय. ती त्याच्या दंडाला धरून झोपली.

तोही झोपला. आदल्या रात्रीची पाळी अंगात होती.

जाग आली ती खराट्यानं. कुणीतरी अंगण झाडत होतं. सर्र... सर्र... सावकाश, तंबूच्या कडेकडेनं. अविराजला वाटलं घरीच आहोत, आई झाडतेय. मग ध्यानात आलं, इथं अंगण नाही. दगड आहेत आणि गाळ आहे.

आवाज थांबला.

डोळ्यांपुढं मिट्ट काळोख. रात्र किती झाली, कळेना. मोबाईल उशाला होता, तो बघावा असंही त्याला वाटलं नाही. पडून राहिला.

"उठा. उजाडलं."

बाईचा आवाज. म्हातारा, बसका. घरातली बाई रोज सकाळी म्हणते तसा, सहज.

त्यानं कान दिला. सगळ्यात आधी एकच गोष्ट पारखली त्यानं, मला स्वतः सांगितलंय. हा प्रगतीचा आवाज आहे का.

नव्हता.

मग त्याला त्या आवाजाशी काही देणंघेणं उरलं नाही.

थोड्या वेळानं पाठीखाली गार लागलं. नुसतं गार नाही. तंबूचा तळ खालनं हलला, पाण्यानं भरलेल्या पखालीसारखा. बुळुक करून वर आला, परत बसला. अविराजला कळलं. पाणी आलंय. वर पुण्याकडं पाऊस झाला असणार, नदी आली असणार, फुगवटा चढलाय. तळाखाली पाणी आहे आणि आपण चेन लावून आत पडलोय.

कळलं... आणि तो उठला नाही.

पोरांनो, हे लक्षात घ्या. त्याला भीती वाटली नाही. बरंही वाटलं नाही. फक्त वाटलं, असू दे. अंधार आहे, गार आहे. आता कुठं उठायचं.

तळ परत हलला. कोपऱ्यातून पाणी आत झिरपलं. त्याच्या टाचा भिजल्या.

तो तसाच.

"न्हाय उठत तू... पोरीला तरी उठीव."

आता आवाज जवळ होता. पायाशी.

बाहेरून नव्हता येत. कापडाआडून आलेला आवाज दबका असतो. हा मोकळा होता. आतला.

अविराजनं हात पुढं केला. पोरगी शेजारी होती. गार पडलेली, पण श्वास चालू. दंड सोडून तिचा हात पायथ्याकडं गेला होता. मूठ आवळलेली. कुणाचं तरी बोट धरावं तशी.

त्यानं ती मूठ ओढून घेतली. सोडवावी लागली. एकदम सुटली नाही.

मग मात्र तो उठला. चाचपत चेन शोधली. आतनं लावलेली, जशीच्या तशी. ओढली.

बाहेर ऊन होतं.

लख्ख सकाळ. नऊ वाजून गेले असतील. निळं आभाळ, बगळे, पलीकडच्या काठाला उसावर पडलेलं ऊन. आणि जोत्याच्या चारी बाजूंना पाणी. शांत. जिथं काल चालत आले होते तिथंही पाणी. एकही माणूस नाही. रात्र फक्त त्या तंबूत उरली होती.

पोरीला खांद्यावर घेऊन तो पाण्यात उतरला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. पायाखाली गाळ. पोरगी मागं तोंड करून बसली होती. निम्म्यात आल्यावर म्हणाली,

"पप्पा, आजी आत राहिली."

"कोण आजी?"

"माझ्या पायाशी बसलेली. रात्रभर."

त्यानं मागं बघितलं नाही. काठाला लागला. माळावर बसला, पोरीचं अंग शर्टानं पुसलं, तिला गाडीवर पुढं बसवलं आणि घरी आला. सरुबाईला सगळं सांगितलं, बाजारहाट सांगावं तसं. सोमवारी पाळीवर गेला. पण त्या दिवशी ताटावर बसला तेव्हा म्हणाला, आई, मीठ कमी हाय. सरुबाई उठून आत गेली आणि पदर तोंडात धरून बसली.

आठवडाभरानं लखन भोई आला. मासे धरायला गेला होता, तर तंबू पाण्यावर तरंगत होता, वाऱ्यानं काठाच्या बाभळीत अडकलेला. सांगाडा ताठ, दार बंद. अविराजला चांगलं आठवत होतं, चेन उघडी टाकून तो निघाला होता. लखननं टेम्पोत घालून आणला, तसाच अंगणात ठेवला.

चेन सरुबाईनं उघडली.

आत पाण्याचा थेंब नव्हता. तळ शेणानं सारवलेला होता. सारवण ओलं होतं अजून. बोटांच्या कमानी एकीला एक लागून, नीट काढलेल्या.

सरुबाईनं वाकून कमानी निरखल्या. मग लेकाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "बाई मागल्या भिंतीपासनं सारवीत येती. दारातनं भाईर निघती. हे बघ... हे दारापासनं आत सारवलंय."

तसंच होतं. कमानी दारापासून आत गेल्या होत्या. मागच्या कोपऱ्यापर्यंत. ओल्या सारवणावर पाऊल कुठंच नव्हतं.

कोपऱ्यात तेवढी जागा कोरडी राहिली होती. एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी.