वाढवलेलं घड्याळ

महागाचं क्वार्ट्झ घड्याळ घेणारे लोक एक चूक हमखास करतात. चावी द्यावी लागत नाही म्हणजे काहीच करावं लागत नाही, असं धरून चालतात. अहो, करावं लागतं. दोन-तीन वर्षांनी सेल बदलायचा, सेल बदलताना मागच्या झाकणाखालची रबरी रिंगही बदलायची, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते. स्पीकरजवळ ठेवायचं नाही, चुंबकानं काटे गडबडतात. आणि संपलेला सेल आत राहू द्यायचा नाही. तो पाझरतो आणि मशीन खातो.

हे सगळं मला पाठ झालं ते मामंजींच्या घड्याळामुळं. मामंजी म्हणजे माझे सासरे, बापूसाहेब. तळेगाव ढमढेऱ्यात सोसायटीपासून ग्रामपंचायतीपर्यंत त्यांचा शब्द चालायचा, आणि घरात तर दुसऱ्या कुणाला शब्दच नव्हता. स्विस बनावटीचं, सोनेरी पट्ट्याचं ते घड्याळ त्यांनी पुण्यातून हौसेनं आणलं, आणि सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण मी सणसवाडीला कारखान्यात गेज रूममध्ये आहे. मोजायची हत्यारं बरोबर मोजतात का, हे तपासणं माझं काम. त्यात मी दौंडची, रेल्वे गार्डची मुलगी. आमच्या घरी वेळ ही चेष्टेची गोष्ट नव्हती.

मामंजींकडं मात्र होती. मनगटावर एवढं घड्याळ असून ते दिवसातून दहादा विचारायचे, "किती वाजले?" आणि विचारायचे फक्त आत्याबाईंना. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कस्तुराबाई. त्यांना घड्याळ कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणूनच त्यांना विचारायचे. त्या लगबगीनं डोक्यावर पदर घ्यायच्या, उंबऱ्यावरचं ऊन बघायच्या, दूधगाडी गेली का ते आठवायच्या आणि काहीतरी सांगायच्या. मामंजी घड्याळात बघून समोर बसलेल्या मंडळींकडं वळायचे. "बघा आमचं पंचांग!" हसून झालं की म्हणायचे, "चहा." आत्याबाई म्हणायच्या, "आणते."

पन्नास वर्षं हा खेळ चालला, आधी चावीच्या घड्याळावर आणि मग ह्या. मला संताप यायचा. एकदा मी म्हटलं, "चला आत्याबाई, मी शिकवते घड्याळ. आठवड्यात येईल."

"कशाला गं?" त्या म्हणाल्या. "मला यायला लागलं तर दुसरं कायतरी इचारत्याल."

मामंजी गेल्या थंडीत गेले. झोपेत, कुणाला तसदी न देता; असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. शेजारच्या सगुणाबाईंनी आत्याबाईंच्या बांगड्या वाढवल्या. सगुणाबाई स्वतः विधवा. ते काम विधवेनंच करायचं. सवाष्णीनं हात घातला तर ते तिच्या मागं लागतं, असं त्यांनी मला दारातच अडवून सांगितलं. या विषयावर मी माझं मत सांगत बसले तर गोष्ट राहील बाजूला.

घड्याळ हॉलमधल्या काचेच्या कपाटात, मामंजींच्या फोटोशेजारी ठेवलं. माझा नवरा सत्यजीत पावलं मोजणारं काळं घड्याळ घालतो. सोनेरी घातलं की त्याला नवरदेवासारखं वाटतं म्हणे. मी दर रविवारी ते कोरड्या फडक्यानं पुसायची. चालू होतं, वेळ बरोबर होती.

पहिली गोष्ट घडली ती अगदी किरकोळ. सकाळी मी डबा भरत होते, आत्याबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी एकदम डोक्यावर पदर घेतला, मान जराशी दाराकडं वळवली आणि म्हणाल्या, "आठला सात कमी."

मी मोबाइल बघितला. आठला सात कमी होते.

"आणते," म्हणत त्या उठल्या, कपभर चहा केला आणि नेऊन फोटोखाली ठेवला. मला वाटलं, टीव्हीवर आकडे येतात, ते बघून बघून जमलं असेल. आणि माणूस गेलं तरी सवय लगेच जात नाही. साय धरलेला तो चहा मी मोरीत ओतला आणि बस पकडायला पळाले.

मग हे रोजचं झालं. जेवताना, न्हाताना, देवापुढं बसल्यावर. कधी एका मिनिटाची चूक नाही. माझ्या खात्यात एवढं बरोबर मोजणारं हत्यार असतं तर मी त्याची पूजा केली असती.

कांदा काढणीला आम्ही निमोण्याला गेलो, आत्याबाईंच्या माहेरी. आभाळ भरून आलेलं, उन्हाचा पत्ता नाही. आत्याबाई बांधावर बसल्या होत्या, बायका कांद्याची पात कापत होत्या. आसपास ना घड्याळ, ना कुणाचा मोबाइल. माझा पर्समध्ये होता. त्यांचा हात पदराकडं गेला.

"तीन वाजून ईस मिंटं."

मी पर्स उघडून बघितलं. बरोबर. त्या चहाला उठल्या, आणि चुली-बिलीपासून आपण लांब आहोत हे ध्यानात येऊन घाबऱ्याघुबऱ्या उभ्याच राहिल्या. मी हाताला धरून बसवलं.

"आत्याबाई, कुणाला सांगताय?"

"इचारल्यावर सांगाया नको व्हय?"

"कोण विचारतंय?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मीच येडी. मग खाली बघून म्हणाल्या, "आदी चुकायची, तर ह्ये हसून गप बसायचं. आता चुकतच न्हाई बघ. बरोबर सांगितलं की पुन्ना इचारत्यात."

डॉक्टरांनी साखर बघितली, बीपी बघितलं. म्हणाले, दुःख आहे, निवेल हळूहळू. पण बाई निम्म्या झाल्या होत्या. एक भाकरी त्यांना सलग खाता येत नव्हती. घास घेतला की पदर, पदर घेतला की वेळ, वेळ सांगितली की चहा. मला त्यांची फार कीव यायची, आणि खरं सांगायचं तर फोटोतल्या माणसाचा रागही यायचा. हे असंच चाललं तर त्या दिवाळी बघणार नाहीत, असं मी सत्यजीतला सांगितलं. तोही फोटोकडं पाठ करूनच जेवायला लागला होता.

जुलैत एका रविवारी घड्याळ पुसताना मला दिसलं, की सेकंदकाटा टिकटिक चालायचं सोडून उड्या मारतोय. चार सेकंद थांबायचा आणि चार घरं एकदम पुढं जायचा. यात गूढ काही नाही. चांगल्या क्वार्ट्झ घड्याळात सेल संपत आला की काटा असाच चालतो. मालकाला आधी कळावं म्हणून तशी सोयच केलेली असते. पावसानं रस्ता खराब होता म्हणून मी दुकानात जायचं लांबवलं.

त्याच दिवसांत आत्याबाई सुधारल्या. दुपारी त्यांना झोप लागायला लागली. दिवसभरात एखाद-दुसऱ्या वेळीच पदर वर जायचा. सगुणाबाईंशी बोलताना एकदा त्या तोंडावर हात न धरता खो खो हसल्या. मी मनात म्हटलं, डॉक्टर बरोबर बोलले, निवलं.

मग एके दिवशी त्या कपाटापाशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "अनुपमा, लई दमलंय गं ते घड्याळ."

"दिसलं का तुम्हाला?"

"दिसतंय की. आता येवढं वाढव ते. त्या शिरूरच्या माणसाकडनं वाढवून आण. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मला बाई भरून आलं. ज्या घड्याळापायी यांचा एवढा छळ झाला, ते नवऱ्याची आठवण म्हणून चालू राहावं असं यांना वाटतंय! म्हटलं, करायचं तर चांगलंच करू.

शिरूरला महेंद्रचं दुकान आहे. पुण्याला जाताना वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये जीव देण्यापेक्षा मी तिथंच जाते. त्यानं झाकण उघडलं, सेल काढला, मीटरवर धरला. परत धरला.

"ताई, हा कधीचा संपलाय."

"संपत आलाय म्हण."

"न्हाई ओ. शून्य हाय. ह्याच्यावर काटा हलायचा न्हाई."

"आत्ता तुझ्यासमोर हलत होता."

"व्हय, हलत व्हता खरा," महेंद्र म्हणाला, आणि मीटर बिघडला असेल म्हणून त्यानं दुसरा काढला. तोही शून्यच दाखवायला लागला. शेवटी त्यानं नवा सेल घातला. जास्त चालणारा दे, असं मीच सांगितलं होतं. रिंग बदलली, काच पुसली. "आता धा वर्षं बघाया नको," तो म्हणाला.

घरी आले तेव्हा आत्याबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. डोकं उघडं, चेहरा निवांत. मी घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. काटा ठणठणीत चालत होता.

सूप त्यांच्या हातातून खाली आलं.

"ह्ये काय केलंस?"

"वाढवलं की. दहा वर्षांचा सेल घातलाय."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग रिकामं मनगट त्यांनी माझ्यापुढं केलं. "आगं बये," त्या म्हणाल्या, "ह्या कशा वाढवल्या व्हत्या?"

मला शब्द माहीत नव्हता असं थोडंच आहे? बांगडी वाढवतात, नारळ वाढवतात, दुकान वाढवतात. फुटणं, संपणं, बंद होणं आपण तोंडानं म्हणत नाही, म्हणून वाढवतात. पण मला सेलच दिसत होता. मी मापं घेणारी बाई. वाढव म्हटल्यावर वाढवलं.

त्यांचा पदर डोक्यावर गेला. मान दाराकडं वळली.

"पावणेसा," त्या म्हणाल्या. "आणते."

तांदूळ तसाच पसरलेला होता. मी एकेक दाणा गोळा करत बसले.

त्यानंतर विचारण्याला खंड राहिला नाही. पहिला कप ठेवून त्या वळायच्या आत दुसरा पदर. दहा-बारा कप फोटोखाली. चौथ्या दिवशी घाईत उकळता चहा त्यांच्या पायावर सांडला. सालटं निघालं. मलम लावताना त्या कण्हल्या नाहीत, वेळ सांगत राहिल्या.

मी महेंद्रला फोन लावला. तो जेजुरीला गेला होता, दुकान बंद.

मी कामावरून आणलेला प्लास्टिकचा चिमटा आणि झाकण उचकटायची पाती घेऊन टेबलाशी बसले. दिवसाढवळ्या, खिडकी उघडी, बाहेर सत्यजीत ट्रॅक्टर धूत होता. आत्याबाई लंगडत आल्या.

"तू नको. सवाष्ण हाईस. सगुणाबाईस्नी बोलीव."

"सगुणाबाईंना झाकण उघडता येतं का? आणि मी काही कुणाच्या बांगड्या फोडत नाहीये."

तो शब्द ऐकून त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो बाजूला केला. झाकण उघडलं. चिमट्यानं सेल उचलला आणि टेबलावर ठेवला.

काटा त्यानंतरही थोडा चालला. किती, ते मी मोजलं नाही.

मग थांबला.

आत्याबाईंनी हळूहळू पदर डोक्यावरून खाली घेतला. खांद्यावर पडला, तिथंच राहिला. त्यांचे केस इतके पांढरे झालेत, हे मी पहिल्यांदा नीट बघितलं. त्या तिथंच सोफ्यावर कलंडल्या आणि संध्याकाळपर्यंत झोपल्या.

पाय बरा झाला. अंगावर मूठभर मांस आलं. एक दिवस भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत त्यांनी मला विचारलं, "किती वाजलं गं? मला मेलीला काय कळतंय त्यातलं." मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. घड्याळ आता कपाटाच्या खणात आहे, सेल न घालता, मऊ कापडात गुंडाळून. सेल मी कंपनीत नेऊन खराब बॅटऱ्यांच्या डब्यात टाकला.

परवा संध्याकाळी मी कणीक मळत होते. आत्याबाई खाली बसून गवारी मोडत होत्या. सत्यजीत नुकताच शेतावरून आला होता, दारात बूट काढत होता.

"सव्वासात," मी म्हणाले.

सत्यजीतनं मनगट बघितलं. "बरोबर. पण विचारलं कुणी?"

मोबाइल आत चार्जिंगला होता. भिंतीवरचं घड्याळ हॉलमध्ये. कणकेचे हात तसेच धरून मी दाराकडं बघत होते, सत्यजीतच्या थोडं मागं.

"आणते," मी म्हणाले.

आत्याबाईंच्या हातातली शेंग मोडता मोडता राहिली. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या खांद्यावरची ओढणी उचलून त्यांनी नीट माझ्या डोक्यावर घेतली. मग बाजूला झाल्या, मला गॅसपर्यंत जायला वाट करून दिली.