कार्यवाहांची जागा रिकामी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते जमिनीवरून. काकांच्या छापखान्याच्या दारात कुणीतरी ॲल्युमिनियमचा वॉकर उभा करून ठेवला होता आणि मी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून घाईने येत होते. पुढचं सांगायला नकोच. कागद चहूकडे, मी उंबऱ्याशी, आणि हा मनुष्य आतून धावत आला तो थेट वॉकरकडे. चारही पाय दाबून बघितले, मग माझ्याकडे वळला.

"लागलं का?"

"मला की वॉकरला?"

"तुम्हाला. वॉकर ठीक आहे."

अशा माणसाच्या प्रेमात कुणी पडत नाही. निदान त्या दिवशी तरी मी नुसतीच पडले.

तो लेटरहेड करून घ्यायला आला होता. त्याच्या वडिलांच्या आजारपणात पलंग, वॉकर, चाकांची खुर्ची असं सगळं घ्यावं लागलं होतं. वडील हिंडूफिरू लागले आणि सामान मागच्या खोलीत पडून राहिलं. मग शेजाऱ्यांनी मागून नेलं, त्यांच्याकडून त्यांच्या पाहुण्यांनी... आता काही जणांनी मिळून संस्थाच काढली होती. आजाऱ्याच्या घरी लागेल ते फुकट वापरायला द्यायचं, काम झालं की परत आणायचं. नोंदणी झाली होती. दवाखान्यांना पत्रं पाठवायची होती, ती कोऱ्या कागदावर कशी पाठवणार?

छापखान्यातलं डिझाइनचं काम माझ्याकडे. त्याने खिशातून स्वतः काढलेलं चित्र काढलं. त्यात उगवता सूर्य होता, दोन हात होते, हातांवर चाकांची खुर्ची, वर एक घोषवाक्य आणि खाली दुसरं.

"आणि पत्र कुठे लिहायचं?"

त्याने कागद उलटा केला. "मागे?"

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. गिऱ्हाइकाला लवकर हसून दाखवलं की ते आणखी एक सूर्य मागतं, असं काका म्हणतात.

मग तो दर दोन-तीन दिवसांनी, कुणाचा तरी वॉकर पोचवता-आणता, येऊ लागला आणि दर वेळी मी एकेक वस्तू काढून टाकू लागले. पहिला गेला सूर्य.

"सूर्याशिवाय उदास नाही वाटणार?" त्याने विचारलं.

"पत्राच्या मागून घरी पलंग येणार आहे ना? तेवढा उजेड पुरे."

मग हात गेले. मग दोन्ही घोषवाक्यं गेली. शेवटी वरच्या कोपऱ्यात चार रेघांचा एक वॉकर उरला, शेजारी संस्थेचं नाव, आणि डावीकडे कार्यकारिणीची नावं. सगळं काळ्या शाईत, म्हणजे झेरॉक्स काढली तरी स्वच्छ येईल. त्याने ते प्रूफ खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं. जाताना माझ्याकडे बघून हसला, आणि त्या दिवशी मी एका औषधाच्या पाकिटावर दुकानाचा पत्ता दोनदा टाकला.

"लेटरहेडला एवढ्या फेऱ्या?" काका म्हणाले. "लग्नपत्रिकेलासुद्धा लोक दोनदाच येतात."

माझं टेबल कधीपासून डुगडुगायचं. एका पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी घालत असे. एके दिवशी येऊन बसले तर टेबल जागचं हलेना. वाकून पाहिलं, तर पायाला वॉकरचं रबरी बूच बसवलेलं होतं, अगदी मापात. कुणी बसवलं ते मी विचारलं नाही. दिवसभर टेबलाला उगीच ढकलून बघत राहिले.

डाव्या रकान्यात एक जागा मोकळी होती. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. कोषाध्यक्ष कोपऱ्यावरचे औषधवाले. सदस्यांत तो आणि आणखी दोघं. कार्यवाह मात्र कुणी व्हायला तयार नव्हतं, कारण सभेचं इतिवृत्त लिहिण्याचा सगळ्यांनाच कंटाळा.

शेवटचं प्रूफ बघायला बाई स्वतः आल्या, तोही बरोबर होता. बाईंनी आधीचे सगळे कागद एकाखाली एक लावून पाहिले.

"हे एवढं गाळलं कुणी?"

"मी."

"इतिवृत्ताला असंच माणूस लागतं. कार्यवाह तू हो."

"घ्या, आमचं अख्खं घरच घ्या," काका खुशीत येऊन म्हणाले.

"एका घरातली दोन माणसं कार्यकारिणीत चालत नाहीत," बाई म्हणाल्या. "नवरा-बायको, बाप-लेक, कुणीच नाही. घरातलं भांडण सभेत येतं, नाहीतर सभा घरातच उरकते. हा नियम मी केलाय आणि तो बदलणार नाही."

आता सांगूनच टाकते. मला तो आवडत होता. त्याच्या घरात जायचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता, आणि एकदाच नव्हे. ते काम करायची मला मनापासून इच्छा होती, पण ही खुर्ची घेतली की तो विचार संपला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बसून वॉकरचा एक नट घट्ट करत होता. तो आधीच घट्ट होता.

"तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"चांगलं होईल..." तो वर न बघता म्हणाला, "संस्थेला."

संस्थेला. "होते मी कार्यवाह," मी म्हणाले. रागाच्या भरात लोक काय काय करून बसतात, मी पदाधिकारी झाले.

संध्याकाळी त्या मोकळ्या जागेत मी माझं नाव टाकलं. त्याच्या नावाच्या जरा वर. एका कागदावर तरी आलो, अशी स्वतःची समजूत घातली, पण ती काही नीट पटली नाही.

दुसऱ्या दिवशी तो प्रूफ मंजूर असल्याची सही करायला आला. पहिल्यांदाच वॉकरशिवाय, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी पेन घेतलं आणि प्रूफवरचं स्वतःचं नाव सरळ रेघ मारून खोडलं.

"चुकलंय का?"

"नाही. काढायचंय."

"अहो, संस्था तुमची आहे."

"सामान उचलायला नाव लागत नाही. कार्यवाहांना लागतं."

"पण का?"

"बाईंचा नियम आहे ना... एका घरातली दोन माणसं नकोत."

"आपण कुठे एका घरातले?"

"अजून नाही." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे — तुम्ही नाही म्हणालात तरी ते खोडलेलंच राहू दे. तुम्हाला हे काम जमेल, ते सोडायला लागू नये. काल घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी चालायला लागलो, तू बोलायला कधी लागणार?"

या वेळी मी हसू गिळलं नाही.

"पहिल्या दिवशी तू आधी वॉकर बघितलास," मी म्हणाले.

"वॉकर दुसऱ्यांचा होता. जपायला हवा होता."

"आणि मी कुणाची?"

"ते..." तो म्हणाला, "तू सांग."

मी सांगितलं. काय सांगितलं ते इतिवृत्तात नाही.

बाईंना कळवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तोंडी राजीनामा चालत नाही. लेखी हवा, कारणासकट." त्याने तिथेच दोन ओळी खरडल्या. घरगुती कारणास्तव सदस्यपद सोडत आहे.

लेटरहेड छापून झालं. वरचा कागद उचलला आणि संस्थेचं पहिलं पत्र मी त्यालाच लिहिलं.

'आपला राजीनामा मिळाला. कारण कार्यवाहांना मान्य आहे.'

खाली सही केली. टेबल जरासुद्धा हललं नाही.